कापसाच्या खोलीतलं ग्राफिक्स कार्ड

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच यायला लागतात. कापूस आणि लग्नं. कापूस बैलबंडीतून येतो, लग्नं हार्ड डिस्कमधून. यंदाही तेच चालू आहे. सकाळी दव ओसरलं की वावरात वेचणी, आणि दुपारून माझं मिक्सिंग. लग्नाच्या व्हिडिओला कापणं, जोडणं, रंग नीट करणं, गाणं बसवणं, या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे, मिक्सिंग. वावर बाभुळगावजवळ, आणि लग्नं येतात नेरहून, सतीशच्या स्टुडिओतून. सकाळी बोटांना बोंडांच्या सुकलेल्या टोकांचे ओरखडे पडतात, दुपारी त्याच बोटांनी माऊस धरायचा. चुरचुरतं थोडं. सवय आहे.

ज्यांच्या घरात कधी कापूस भरला गेला नाही त्यांना वाटतं कापसाला वास नसतो. असतो. उन्हात तापलेल्या सरकीचा थोडा तेलकट वास, त्यात वाळलेल्या पानाचा चुरा. पहिले दोन दिवस जाणवतो, मग आपल्याच अंगाला येऊ लागतो आणि कळेनासा होतो. आमच्याकडे वेचला की लगेच विकला असं सहसा होत नाही. भाव बघायचा असतो. तोवर कापूस घरातच राहतो, तोही सगळ्यांत चांगल्या खोलीत. जिथं छत गळत नाही, जिथं ओल येत नाही, जिथं एरवी पाहुणे बसतात. हंगामात पाहुण्यांना आंगणातल्या बाजेवर बसवतात आणि कापूस आत बसतो. कोणाला त्यात काही चुकीचं वाटत नाही. पाहुणाही आधी उंबऱ्यातून वाकून ढीग बघतो, "औंदा बरा झाला म्हणा," म्हणतो, आणि मग पाणी पितो.

माझा कॉम्प्युटरही त्याच खोलीत होता. का, तर दुसरीकडे कुठं असणार? तो आमच्या पल्लवीसाठी घेतला होता, ती बारावीत असताना. पुढे ती पुण्याला नोकरीला लागली, तिनं लॅपटॉप घेतला आणि हा डबा इथं राहिला. टाकून द्यायचा नाही म्हणून मी शिकले. आधी फोटोंचे अल्बम केले, मग वाढदिवसांच्या छोट्या फिल्मा, मग सतीशनं एक लग्न देऊन बघितलं. सतीश माझ्या नवऱ्याच्या मित्राचा धाकटा भाऊ. मला वैनी म्हणतो, काम मात्र काम म्हणून देतो, ओळखीचं म्हणून नाही. हे मला आवडतं. ओळखीनं मिळालेलं काम ओळख संपली की संपतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामाची गोष्ट मनात आहे ती यासाठी की त्या वर्षी माझं काम जायला आलं होतं.

सतीशनं नवीन कॅमेरा घेतला. चित्र असं स्वच्छ की नवरीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत. पण ते चित्र माझ्या मशीनला ओढवेना. एक क्लिप लावली की ती दोन पावलं चालायची आणि थबकायची. रंग थोडा बदलला की मी उठून चहा टाकायचे, चहा गाळून आणायचे, तेव्हा कुठं पडद्यावर दिसायचं काय बदललं ते. आणि जे बदललं ते नको असायचं.

सतीश आला, बाजूला उभा राहून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ती अवघडलेली माया दिसली जी माणूस आजारी बैलाकडे बघताना दाखवतो.

"वैनी, राग नका मानू," तो म्हणाला. "आता समदे लग्नं याच क्यामेऱ्यानं होतीन. अमरावतीले एक जण हाय, मोठं मशीन हाय त्याच्याकडं. मी म्हन्तो तुम्ही फोटोचे अल्बम करत जा."

"आणि हे आलेलं लग्न?"

"हे बी तिकडंच देऊन राह्यलो."

"कवाची पाह्यजे ही फिल्म?"

"मांडवपरतणीले. पोरगी माहेरी येते तवा समदे बसून पाह्यतीन म्हनून शब्द देला मी."

"मंग राहू दे इथंच," मी म्हटलं. "तुह्या शब्दाच्या अंदर देतो."

तो हो म्हणाला, पण एवढं जोडून गेला, "हे जमलं तर पुढचं समदं तुमचंच. नाही जमलं तर मंग मले बोलू नका."

रास्त होतं.

पल्लवीला फोन केला. ती हसली. "आई, तो डबा म्युझियमले देऊन टाक. नवीन घे ना."

नवीन घेण्याचा सल्ला देणाऱ्या माणसांचं मला नेहमी नवल वाटतं. त्यांना वाटतं वस्तू एक असते. वस्तू कधीच एक नसते. फवारणीचा पंप बिघडला तर आपण पंप फेकत नाही, वॉशर बदलतो. तिला म्हटलं, यातला कोणता अवयव दमला आहे तेवढं सांग. मग ती लागली नीट विचारायला. आतला प्रोसेसर किती जुना, मेमरी किती. शेवटी म्हणाली, "बाकी चालते. तुह्यं ग्राफिक्स कार्ड लई जुनं हाय. चित्राचं समदं ओझं त्याच्यावर असते. तेवढं बदलव."

मी मशीन आंगणात बाजेवर आणलं, उजेडात. पंपाच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बाजूचं पत्र्याचं दार काढलं. नवरा छपरीत बसून बघत होता. त्याला वाटलं असावं आता मी ते सगळं सुटं करून परातीत मांडणार. आत जुनं कार्ड होतं, माझ्या तळहाताएवढं. त्याच्या समोरच हार्ड डिस्क ठेवायची लोखंडी चौकट. म्हणजे लांब कार्ड आणलं तर इथं अडणार. मी शिवणाचा टेप आणला आणि माप घेतलं. लांबी, जाडी, दोन्ही. वीज देणाऱ्या डब्यावर चिकटवलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. मग बस धरून यवतमाळला गेले.

दुकानातल्या माणसानं आधी मला तीन पंख्यांचं कार्ड दाखवलं. त्यात लाल-निळे दिवे लागत होते.

"काकू, हे घ्या, पोरगा खूश होऊन जाईल."

"पोरगा नाही मले. मलेच पाह्यजे. आणि दिवाळी झाली आमची, दिवे नको." मी पर्समधून टेप काढून कार्डाला लावला.

तो आणि त्याच्या शेजारचा, दोघं हसायला लागले. "ब्लाऊज शिवायचा आहे का काकू?"

"ब्लाऊज असता तर उसवून पुन्हा शिवला असता. हे उसवता येते का?"

मग त्यानं हसणं बंद केलं आणि मी फोटो दाखवला. एवढ्या विजेवर मोठं कार्ड चालणार नाही, हे त्यालाही मान्य झालं. शेवटी त्यानं आतल्या कपाटातून एक बुटकं, दोन पंख्यांचं कार्ड काढलं. त्याला वेगळी वायर लागत नव्हती, मदरबोर्डावरच्या खाचेतूनच वीज घेणारं होतं. मापात बसत होतं. निघताना त्यानं सांगितलं, "बसवायच्या आधी लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरते. आणि दाबताना भिऊ नका."

पहिलं ऐकलं. खिडकीच्या गजाला हात लावूनच कामाला बसले. दुसरं ऐकलं नाही. भीत भीत दाबलं. मशीन सुरू केलं तर पडदा काळा.

"गेलं," नवरा म्हणाला. त्यात थोडं समाधान होतं, नाही म्हणता येणार नाही.

मी बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि या वेळी कुकरचं झाकण बसवतो तसं अंगठ्यांनी सरळ दाबलं. टक् असा आवाज आला. खाचेच्या टोकाची कडी आपोआप वर आली आणि कार्डाला धरून बसली. पडदा लागला. भीत भीत केलेलं काम दोनदा करावं लागतं. मला हे एरवी माहीत असतं. त्या दिवशी कसं विसरले कोण जाणे.

त्यानंतरची ती पहिली दुपार मला अजून तशीच्या तशी आठवते. सतीशनं दिलेलं लग्न नेरच्या एका बौद्ध कुटुंबातलं होतं. विहारासमोर मंडप. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्यात, मावश्या, आत्या, काकू, सगळ्या पांढऱ्यात. मागची भिंत पांढरी, मंडपाचं कापड पांढरं. वर हिवाळ्यातलं दुपारचं ऊन. मिक्सिंग करणाऱ्याला यापेक्षा अवघड लग्न मिळत नाही. सावलीत उभ्या बाया निळसर दिसत होत्या, उन्हात बसलेल्या पिवळट, आणि मधल्या तर नुसत्याच उजेडाच्या पुतळ्या, चेहरा आहे पण साडी नाही. रंगीत लग्नात चूक झाकली जाते. पांढऱ्यात काहीच झाकत नाही.

आणि पांढरं मला माहीत आहे. आयुष्य गेलं त्यात. पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा पांढरा असतो, त्यात एक ताजी चमक असते. दुसऱ्या वेचणीचा दुधासारखा. शेवटचा जरा पिवळट, थकलेला. दवात वेचला तर निळसर झाक मारतो आणि व्यापारी हात लावायच्या आधीच म्हणतो, ओला आहे. मूठभर हातात घेऊन उजेडाकडे तोंड केलं की मी सांगू शकते तो कोणत्या वेचणीचा. त्या पडद्यावर मी तेच करत होते. नव्या कार्डामुळे माऊसचं चाक फिरवलं की तिथल्या तिथं रंग बदलत होता. चहा टाकायला उठावं लागत नव्हतं. थोडा निळा काढला, नवरीची साडी पहिल्या वेचणीची झाली. उजेड खाली घेतला आणि आतलं विणकाम वर आलं. एका आत्याच्या साडीला बारीक रुपेरी काठ होता, तो तोवर कुठंच नव्हता, तो हळूच उमटला. मी एकटीच होते खोलीत. मोठ्यानं "हाव!" म्हटलं, आमच्याकडचं हो.

हात वेगात चालतो आणि डोळा त्याच्या बरोबर चालतो, याच्यासारखं सुख नाही. मधे थांबावं लागलं की डोळा विसरतो. एवढी वर्षं मला वाटायचं मीच हळू आहे. मी हळू नव्हते. मशीन हळू होतं.

त्याच आठवड्यात आमची मोठी वेचणी झाली. बंडी दारात लागली आणि नवऱ्यानं दरवर्षीप्रमाणे गाठोडी समोरच्या खोलीत सोडली. ढीग खिडकीपर्यंत गेला. मी टेबलाभोवती थोडी जागा सोडायला लावली, एवढंच. आणखी एक झालं होतं. कार्ड नवीन, तापेल, हवा लागावी म्हणून मशीनचं बाजूचं दार आम्ही लावलंच नव्हतं. वावरातल्या मोटारीचं आम्ही तसंच करतो. तापली की झाकण काढायचं, वारा लागू द्यायचा. नवऱ्यानंच सुचवलं होतं, आणि मलाही ते पटलं होतं. घरात हवा म्हणून जे फिरत होतं त्यात काय काय होतं याचा विचार दोघांनीही केला नाही.

सगळी फिल्म जोडून झाली. आता मशीननं ती शेवटची एकसंध करून द्यायची होती. ते काम लावलं आणि मी भाकरी टाकायला गेले. आतून आवाज आला तो मळणीयंत्रासारखा. धावत आले तोवर पंखे किंचाळत होते, आणि पडदा बंद झाला.

नवरा दारात आला. "म्हटलं होतं म्या. जुन्या बंडीले नवं चाक लावलं की आसच मोडते."

तेवढ्यात सतीशचा फोन. माणसं अशी वेळ साधून फोन कशी करतात मला कळत नाही. "वैनी, परवा मांडवपरतणी हाय. झालं नसंल तर आताच सांगा. अमरावतीवाला बसून हाय, रातून करून देतो म्हन्ते."

"परवा सकाळच्या बसनं मी स्वतः घेऊन येतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. कशाच्या भरवशावर म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं.

मशीन पुन्हा आंगणात, बाजेवर. कार्ड काढलं आणि उलटं केलं. पंख्यांच्या मागे ज्या बारीक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, ज्यांतून हवा जाऊन कार्ड गार राहतं, त्या दिसतच नव्हत्या. तिथं रुईची गादी तयार झाली होती. चांगली दाबून भरलेली, पिंजाऱ्यानं भरावी तशी. आमचाच कापूस. मी चिमटीत धरून ओढला तर अख्खा पट्टा निघून आला. नवऱ्याच्या हातावर ठेवला.

त्यानं सवयीनं तो दोन बोटांत ओढून पाहिला. "धागा लंबा हाय," म्हणाला. मग काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं आणि दोघांनाही हसू फुटलं.

हसून झालं. मग मी बोलले.

"आता कापूस उचलायचा."

"कुठं नेऊ? बाहेर दव पडून राह्यलं. मागच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे हायेत."

"कट्टे छपरीत. त्याईले ताडपत्री टाका. कापूस मागं."

"दरवर्षी कापूस इथंच राह्यते."

"दरवर्षी मी इथं काहून बसतो मंग? काम संपलं की उठून जातो, मशीनवर चादर टाकतो, आणि तुमचा कापूस पसरते. थे पीक तुमचं. हे बी पीकच हाय. याले बी ओल नाही, धूळ नाही, गळकं छत नाही, अशी जागा लागते. तुमच्या पिकाले घरातली चांगली खोली, आणि माह्या पिकाले कोपरा?"

आमच्या घरात हो म्हणायची रीत नाही. हो असलं की माणूस उठतो आणि कामाला लागतो. तो उठला. आधी सोयाबीनची पोती छपरीत गेली, मग गाठोडी बांधून कापूस मागच्या खोलीत. वेचणीच्या बाया दारातून बघत होत्या. त्यांतली शांताबाई म्हणाली, "काय व माय, टीव्हीसाठी कापूस हालवून राह्यली का?" मी म्हटलं, "हाव. टीव्ही कमावते म्हनून." ती तोंडाला पदर लावून हसली आणि एक गाठोडं स्वतःच उचललं.

मी तोवर कार्ड साफ केलं. रंग द्यायचा कोरा ब्रश, आणि सायकलचा हवा भरायचा पंप. पंख्याच्या पात्याला बोट लावून धरायचं, नाहीतर हवेनं तो गरगर फिरतो आणि बिघडतो. खोली झाडली, पुसली, ओल्या फडक्यानं भिंतीसुद्धा पुसल्या. मशीनचं दार लावलं. हवा आत घेणाऱ्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला. मग कार्ड बसवलं. या वेळी एकदाच दाबलं.

संध्याकाळी दिवा लागायच्या आत फिल्म तयार झाली. पंख्यांचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला, विहिरीवरच्या धडधाकट मोटारीसारखा.

नेरच्या त्या घरात मी दारापाशीच बसले होते. मला कोणी ओळखत नव्हतं, ते बरंच होतं. मोठा टीव्ही लावला होता, आणि पोरगी आईच्या शेजारी बसली होती. माहेरी आलेल्या पोरी बसतात तशी, अर्धी पाहुणी. पडद्यावर बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा सगळे गप्प झाले. मग माणसं दिसू लागली आणि एकेक नाव घेऊन हाका सुरू झाल्या. अचानक एक म्हातारी उठून टीव्हीजवळ गेली. "थांबवा, थांबवा. हे पाहा व, माह्या लुगड्याचा काठ दिसून राह्यला. पोरानं इंदूरहून आनलं होतं. मांडवात एकीलेबी दिसला नाही, आता पाहा म्हना." तिच्या शेजारच्या बाईनं आपली साडी शोधायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच. पांढऱ्याच साड्या होत्या, पण प्रत्येकीला आपली पांढरी ओळखू येत होती.

नवरीच्या बापानं सतीशला विचारलं, "अमरावतीले करून आनली का?"

सतीशनं माझ्याकडे बोट दाखवलं. "नाही भाऊ. बाभुळगावकडच्या आमच्या वैनीनं. मशीन बी त्याईनंच उघडून सुधरवली."

बापानं उठून मला आत बसायला बोलावलं. मी गेले. लाजणं मला जमत नाही. जमलं असतं तरी त्या दिवशी लाजले नसते. मी चांगलं काम केलं होतं आणि ते तिथं भिंतीवर चालू होतं. अशा वेळी मान खाली घालणं खोटेपणाचं. निघताना सतीशनं पुढच्या लग्नाची हार्ड डिस्क माझ्या पिशवीत टाकली. आमच्याकडच्या माणसांचं हे बरं असतं.

तेव्हापासून दोन हंगाम झाले. पल्लवी अजून फोनवर विचारते, डबा चालतो का म्हणून. चालतो. पुढच्या वर्षी मेमरी वाढवायची आहे, तिचं माप घ्यावं लागत नाही.

परवा मी समोरच्या खोलीत एका हळदीच्या मिक्सिंगला बसले होते. हळद पांढऱ्याच्या उलट असते, तिला आवरावं लागतं. आंगणात कापूस बघायला एक नवा व्यापारी आला होता. पायऱ्या चढून तो सरळ समोरच्या खोलीकडे निघाला, जसे सगळेच जातात.

"अरे थांबा, थांबा," नवऱ्याचा आवाज आला. "तिकडं नाही. कापूस मागं हाय."

"मागं काहून ठेवला, पाटील? समोर पाहुणे हायेत का?"

"पाहुणे नाही. काम चालू हाय बाईचं."

व्यापारी म्हणाला, "मंग चला, जाता जाता नमस्कार घालतो वैनीले."

"घाला ना," नवरा म्हणाला. "पन पह्यले ते अंगावरचे कपडे झटका आंगनात. रुई हाय समदी. तशे अंदर नका जाऊ."

मग मला आंगणातून धोतर झटकल्याचा आवाज आला. चांगला जोरात, दोनदा.